करवलीने न सोडलेली गाठ

निखिल घरात असला की ते तळमजल्यावरच्या लोकांनाही कळायचं. जुईनगरच्या त्या जुन्या सिडको इमारतीच्या भिंती मुळात पातळ, त्यात हा अंघोळ करताना गायचा, आणि गाणं येत नसल्यामुळे जास्तच मोठ्याने गायचा. द्रोणागिरीच्या एका कंटेनर गोदामात तो नोकरीला होता. दिवसभर ट्रेलरवाल्यांशी फोनवर ओरडून त्याचा आवाज तसा झालाय, असं अरुणा शेजाऱ्यांना समजावून सांगायची. खरं तर तो शाळेत असल्यापासून तसाच होता, आणि तिला तो तसाच आवडायचा.

अरुणा त्याची मोठी बहीण, चांगली पंधरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, पाठोपाठ आई गेली, आणि नुकतीच कॉलेजात शिकवायला लागलेल्या अरुणाच्या पदरात तिसरीतला निखिल आला. त्याचे डबे, त्याचे ताप, त्याच्या शाळेतल्या पालकसभा यांत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. निखिलचा संसार मात्र वेळेवर मार्गी लागावा हा तिचा ध्यास होता, आणि त्यापायी ती रविवार आला की कुठली ना कुठली मुलगी शोधून काढायची. निखिल निमूट जायचा, मुलीच्या वडिलांशी क्रिकेटवर वाद घालायचा, पोह्यांची दुसरी बशी मागून घ्यायचा आणि हसत परत यायचा. मुलीकडून नकार तरी यायचा, नाहीतर काहीच यायचं नाही. शेवटी अरुणाने हात टेकले.

मितालीला मात्र शोधावं लागलं नाही. ती आपण होऊन अरुणाच्या कॉलेजात आली.

अरुणा नेरुळला प्राणिशास्त्र शिकवायची. त्या वर्षी समुद्राची पाहणी करणाऱ्या एका जहाजाने खोल पाण्यातून वर काढलेले काही मासे कॉलेजच्या संग्रहाला दिले, आणि ते तपासायला म्हणून ही मिताली आली. तिशीची, सावळी, उंच. मागे कोणी नाही, रत्नागिरीकडे एक चुलते तेवढे. आणि शांत. शांत म्हणजे किती, तर ती आत बसली आहे हे विसरून अरुणा एकदा संग्रहाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावून वाशीला कामाला निघून गेली. मितालीने ना दार वाजवलं, ना फोन केला. अरुणा धावतपळत परत आली तेव्हा ती त्याच स्टुलावर, तशीच पाठ वाकवून, भिंगातून बघत बसली होती. अरुणाने चार-चारदा माफी मागितली. मिताली म्हणाली, मला वाट बघायला आवडतं.

मासे आले तसा अरुणाने दुसऱ्या वर्षाचा वर्ग संग्रहातच घ्यायला सुरुवात केली. एका दुपारी निखिल तिला न्यायला आला आणि दाराशी उभा राहून ऐकू लागला. अरुणा मुलांना सांगत होती की जिथे सूर्याचा किरण पोचत नाही अशा पाण्यात जोडीदार भेटणं हेच मुळात नवल. म्हणून तिथल्या जिवांनी आपापले मार्ग काढलेत. तिथल्या एका ऑक्टोपसची मादी अंड्यांवर वर्षानुवर्षं बसून राहते, खात नाही की जागची हलत नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. काही मासे स्वतःच नर असतात आणि स्वतःच मादी. मग तिने एक बरणी उजेडात धरली. आत नारळाएवढी काळीकुट्ट मादी होती, आणि तिच्या पोटाला करंगळीएवढं काहीतरी लोंबत होतं.

तो तिचा नर, असं अरुणाने सांगितलं. तो वासाच्या मागावर तिला शोधत येतो, तिला चावतो आणि मग सोडत नाही. हळूहळू त्याचे ओठ तिच्या कातडीत मिसळतात. रक्तवाहिन्या जुळतात, तिचं रक्त त्याच्या अंगातून फिरायला लागतं. मग डोळ्यांचं काम उरत नाही, डोळे जातात. पोटाचं काम उरत नाही, पोट जातं. पिल्लं होण्यापुरतं लागतं तेवढंच शेवटी शिल्लक राहतं.

"म्हणजे जेवणाचं टेन्शन कायमचं संपलं," निखिल दारातून म्हणाला. "बेस्ट आहे की!"

मुलं खो खो हसली. कोपऱ्यातल्या स्टुलावरून मितालीने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस ती कुणाकडे असं पाहताना अरुणाला दिसली नव्हती. निखिलने विचारलं, मग त्या नराला परत वेगळं काढता येतं का.

"नाही," मिताली म्हणाली. "वेगळं काढायला तो उरलेला नसतो."

यावर कुणी हसलं नाही, पण अरुणाला ते बोलणं लक्षात घ्यायला सवड कुठे होती! तिला ती नजर तेवढी दिसली होती. मुलगी बघायचे किती कार्यक्रम केले, आणि मुलगी आपल्याच संग्रहात बसलेली, या विचाराने बाई इतकी सुखावली की स्कूटरवर मागे बसून निखिलला घरापर्यंत मितालीचे गुण ऐकवत राहिली. बोलक्या माणसाला ऐकणारी बायको हवी, हा तिचा मुद्दा होता. मुद्दा काही चूक नव्हता.

लग्न मार्गशीर्षात वाशीच्या एका हॉलमध्ये झालं. अरुणाच करवली. निखिलच्या उपरण्याची आणि मितालीच्या शालूच्या पदराची गाठ तिनेच मारली, फोटोवाल्याने तीनदा मारायला लावली. देवदर्शन करून जोडपं घरी आलं की ती गाठ करवलीने सोडायची आणि भावाकडून काहीतरी उकळायचं, अशी त्यांच्याकडची रीत. जयप्रकाशमामांना या गोष्टी तोंडपाठ. तेच आठवण करायला आले. पण अरुणाचे पाय सुजले होते, डोकं भणभणत होतं, आणि असल्या रीती हल्ली फोटोंसाठीच उरल्यात असं तिचं ठाम मत होतं. मितालीने अंगावरचा शालू उतरवला होता आणि उपरण्यासकट, गाठीसकट नीट घडी घातली होती.

"राहू दे ना ताई," ती म्हणाली. "छान बसलीय."

मामा म्हणाले, ती तुझ्या हातची गाठ, दुसऱ्या कुणी सोडायची नसते. उद्या सोडते, असं म्हणून अरुणाने चहा मागवला. उद्याचा दिवस सत्यनारायणात गेला, परवाचा आवराआवरीत, आणि मग ते राहूनच गेलं.

नव्या जोडप्याने द्रोणागिरीलाच फ्लॅट घेतला, निखिलच्या गोदामाजवळ. वीस-बावीस मजल्यांचे टॉवर तिथे ओळीने उभे आहेत आणि संध्याकाळी त्यांतल्या मोजक्याच खिडक्यांत दिवे दिसतात. एकीकडे कंटेनरचे ढीग, दुसरीकडे खाजण आणि खारफुटी. ओहोटी लागली की चिखलाचा वास पार वरच्या मजल्यापर्यंत येतो. संक्रांतीला अरुणा आणि मामा तिकडे जेवायला गेले. निखिल उजव्या हाताने जेवत होता आणि त्याचा डावा हात मितालीच्या पाठीवर, पदराखाली होता. मामांनी त्याची यथेच्छ थट्टा केली, जेवताना तरी बायकोला मोकळी सोड म्हणाले. निखिल लाजून हसला. हात मात्र त्याने काढला नाही. पोट दुखेपर्यंत गुळपोळ्या खाणारा हा मुलगा त्या दिवशी एका पोळीवर उठला, तेव्हा अरुणाला वाटलं, सुखाने पोट भरत असेल एखाद्याचं.

त्यानंतर रविवारचे फोन आखडत गेले. आधी निखिल बोलायचा, मग निखिल थोडं आणि मिताली थोडं, मग मितालीच. तो ऐकतोय ताई, बोला तुम्ही, असं ती सांगायची. आणि खरंच पलीकडे कुणीतरी ऐकत असल्याचं अरुणाला जाणवायचं. ते कसं जाणवतं हे तिला सांगता आलं नसतं.

होळीच्या सुमारास ती न कळवता गेली. फ्लॅटच्या सगळ्या खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवला होता आणि एसी इतका गार ठेवला होता की तिने पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला. निखिलच्या डोळ्यांना उजेडाचा त्रास होतो, मितालीने सांगितलं. दोघं सोफ्यावर बसली होती. निखिल तिच्या मागे, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकून. शर्ट त्याच्या अंगावर दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. डोळ्यांची बुबुळं दुधात पाणी घातल्यासारखी फिकी पडली होती. डॉक्टरला दाखवलंस का, वजन किती उतरलंय, असं तिने एकामागून एक विचारलं आणि प्रत्येक वेळी तो उत्तरासाठी मितालीकडे बघत राहिला.

मिताली मात्र भरली होती. गाल वर आले होते, अंगावर तेज होतं. अरुणाने आणलेल्या पुरणपोळ्या तिने निखिलच्या वाटणीसकट खाल्ल्या. ती गिळायची तेव्हा तिच्या खांद्यावर टेकलेला निखिलचा गळा वरखाली व्हायचा. त्याच्या तोंडात काही नव्हतं.

"आणखी एक सांगायचंय," मिताली म्हणाली आणि तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

अरुणा आनंदाने रडली. आपण आत्या होणार, या घरात मूल येणार, हे ऐकल्यावर बाकीचं सगळं तिने मागे ढकललं. उजेडाचा त्रास म्हणजे अर्धशिशी असेल, वजन म्हणजे कामाचा ताण असेल. शिकलेल्या माणसाला कारणं फार पटकन सुचतात, आणि तिला तर परतीच्या वाटेवर एवढी सुचली की जुईनगर येईपर्यंत ती जवळजवळ निश्चिंत झाली होती.

एप्रिलमध्ये भागीरथीबाईंचा फोन आला. उरणजवळच्या गावातून त्या टॉवरांमध्ये धुण्याभांड्याला यायच्या. निखिलच्या घरी त्यांना अरुणानेच लावून दिलं होतं. काम सोडते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पगार वाढवून देऊ का, सोसायटीचा वॉचमन काही बोलला का, असं अरुणाने विचारलं, तर तसलं काही नव्हतं.

"दोन मानसांचा घर हाय ताई, पन भांड्यान ताट येकच," भागीरथीबाई म्हणाल्या. "धुन्यान त्याचा येक कपरा नाय. मी इचारला, तं बोलली, त्यो हाय ना. हाय तं मना दिसत का नाय?"

अरुणाने गोदामात फोन लावला. निखिलने नोकरी सोडून बरेच दिवस झाले होते. राजीनामा मेलने आला, असं तिथल्या माणसाने सांगितलं, आणि मजेत विचारलं, सर परदेशी गेले का, आता ऑफिस फार शांत झालंय.

तिने जयप्रकाशमामांना गाठलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि अगदी मायेने समजावलं की तू त्याला आईसारखं वाढवलंस, आता तो दुसरीचा झाला हे पचायला जड जातंय, सगळ्याच घरांत होतं असं. नणंद भावजयीबद्दल बोलायला लागली की लोकांना त्यात मत्सरच ऐकू येतो. पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाऊन अरुणा परत फिरली. सांगणार काय? भाऊ हरवला नव्हता. भाऊ त्याच्या बायकोजवळ होता.

तेव्हा तिने तिला येत होतं ते केलं. रक्तगट तपासायचं कॉलेजातलं साहित्य पिशवीत घातलं आणि मे महिन्यातल्या एका टळटळीत दुपारी द्रोणागिरी गाठली. निखिलचा गट बी. कॉलेजच्या रक्तदान शिबिराला तो दर वर्षी यायचा, चकटफू बिस्किटांसाठी येतो असं सांगायचा. त्याच्या रक्तात काही दोष असला तर निदान मोठ्या दवाखान्यात न्यायला हातात काहीतरी पुरावा असेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

दार मितालीने उघडलं. तिच्या खांद्यांवरून एक जाड शाल होती आणि शालीखाली तिच्या पाठीशी निखिल होता. त्याला थंडी वाजते, ती म्हणाली. ती वळली तेव्हा तोही वळला. दोघं आतल्या खोलीत चालत गेली आणि अरुणाला पावलांचा आवाज एकाच माणसाचा आला.

अंधाराला डोळे सरावल्यावर तिला त्याचं डोकं दिसलं. ते मितालीच्या मानेच्या खाली टेकलं होतं. हा मुलगा मितालीपेक्षा वीतभर उंच होता.

"निखिल, हात दे," अरुणा म्हणाली.

शालीतून हात आला. शाळकरी पोराचा असावा तेवढा. नखं मऊ, जवळजवळ नव्हतीच. अरुणाने तो हातात घेतला. स्पिरिटचा बोळा फिरवून तिने त्याच्या बोटाला सुई टोचली.

निखिल हलला नाही. मितालीने मात्र स्वतःचा हात झटक्याने मागे घेतला आणि बोट तोंडात धरलं.

काचपट्टीवर तिने थेंब घेतले. हात सवयीने काम करत होते. बी गटाचं द्रावण टाकलेला थेंब काही वेळात दह्यासारखा फुटायला हवा होता. तो तसाच गुळगुळीत राहिला. शेजारचा फुटला. तिने दुसरी काचपट्टी घेतली, पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं.

"ए," मिताली म्हणाली. "माझा ए आहे, ताई."

"असं होत नाही," अरुणा म्हणाली. "माणसाचं शरीर असं होऊ देत नाही. दुसऱ्याचं रक्त ते मारून टाकतं."

"दुसऱ्याचं असलं तर," मिताली शांतपणे म्हणाली. "भेट झाली ताई, पुन्हा होईल याची काय खात्री? मग सोडायचं कशाला?"

अरुणा काही देवभोळी बाई नव्हती. पण सोडायचं हा शब्द ऐकला आणि लग्नाच्या संध्याकाळचा तो शालू तिच्या डोळ्यांसमोर आला. आपलं एक काम राहिलंय. दुसऱ्या कुणी करायचं नसतं ते आपलं काम. 

तिने शालू कुठे आहे ते विचारलं. मितालीने कपाटाकडे बोट दाखवलं.

घडी तशीच होती. अरुणाने ती पलंगावर उलगडली आणि पदर चाचपत गेली. लाल रेशीम, जर, पुन्हा लाल रेशीम, मग फिकं लाल, मग पांढरं. पांढरं म्हणजे उपरणं. ती गाठ ओलांडून पुढे आली होती.

ती मागे गेली. पुन्हा लाल, फिकं, पांढरं. गाठ नव्हती. शिवणही नव्हती. पिशवीतलं भिंग काढून तिने मोबाईलच्या उजेडात पाहिलं. लाल धागे थेट पांढऱ्यात गेले होते. कुठलाही धागा संपला नव्हता आणि कुठलाही सुरू झाला नव्हता.

ड्रेसिंग टेबलावर कात्री होती. तिने ती उचलली आणि जिथे रंग बदलत होता तिथे कापडावर टेकवली.

"ताई, नको."

कित्येक महिन्यांनी ऐकला तिने निखिलचा आवाज. अगदी बारीक. मितालीच्या पाठीमागून आला होता, पण हललेले ओठ मितालीचे होते.

"नको ताई. दुखेल."

कात्री तिच्या हातून खाली पडली.

ती गुडघ्यांवर बसली. निखिल, घरी चल, म्हणाली. मी तुला कडेवर घेऊन जाईन, म्हणाली. तुझ्यावाचून ते घर खायला उठतं रे, असंही म्हणाली, जे तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं.

मग शालीतून तो आवाज पुन्हा आला.

"भूक लागत नाही, ताई. भीती वाटत नाही. मी बरा आहे."

अरुणा घरी आली. त्यानंतर पाच महिने ती तिकडे गेली नाही. वर्ग घेतले, पेपर तपासले. खोल समुद्राचा धडा तिने सहकाऱ्याला देऊन टाकला. मामांनी विचारलं की ठीक आहेत दोघं, असं सांगायची. रात्री मात्र हिशेब मांडत बसायची. माशांच्या बाबतीत नर कुठल्या टप्प्याला कापून वेगळा केला तर जगतो? सगळी पुस्तकं एकच सांगत होती, आणि तीच ते वर्षानुवर्षं मुलांना सांगत आली होती. सुरुवातीला कदाचित. नंतर नाही. नंतर मादीला ओरखडा राहतो आणि नर मरतो.

दिवाळीत मितालीचा मेसेज आला. भाऊबीजेला या. तो वाट बघतोय.

ती जाणार नव्हती. भाऊबीजेच्या सकाळी तिने दुधाची पिशवी आणली, वर्तमानपत्र वाचलं, आणि मग उठून करंज्यांचा डबा भरला. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं तबकात ठेवलं. आईच्या पश्चात एकही भाऊबीज चुकली नव्हती. तो कसाही असो, तो होता.

दार उघडंच होतं. आत गारठा होता आणि अंधार. दिवस भरत आलेली मिताली भिंतीला धरून चालत होती. एकटी. तिने पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. अंधारात काढलेली, पण एक रेघ वाकडी नव्हती.

"निखिल?" अरुणाने विचारलं.

मिताली पाटावर बसली. अरुणाकडे पाठ करून. तिने मानेवरचे केस पुढे घेतले आणि सैल झग्याची मागची बटणं सोडली.

अरुणाने निरांजन लावलं. पहिल्याच काडीत लागलं. तबक उचलून ती वाकली.

दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताएवढा उंचवटा होता. कातडी मितालीचीच, सावळी, नितळ. वरच्या कडेला चार काळे केस. डोळे नव्हते. तोंड नव्हतं. जोडल्याची खूण कुठेच नव्हती.

कापता येईल का, हा विचार तिच्या मनात आला. आणि उत्तर तिला ठाऊक होतं.

"निखिल," ती हळूच म्हणाली.

मितालीच्या पाठीवर काटा आला. सगळ्या पाठीवर नाही. तेवढ्याच जागी.

अरुणाने तिथे कुंकू लावलं. अक्षता लावल्या, त्या चिकटून राहिल्या. उजवीकडून डावीकडे तिने तीनदा ओवाळलं. ती रडत होती, आणि रडताना तिला जाणवलं की हे रडणं सगळं दुःखाचं नाही. त्याने तिची हाक ऐकली होती.

तबक खाली ठेवून तिने करंजी घेतली. तुकडा मोडला. आणि तो हातात धरून ती तशीच बसून राहिली, कारण तो कुठे द्यायचा ते तिला कळेना.

मितालीने मान वळवली आणि तोंड उघडलं.

"इथेच द्या, ताई. त्याला पोचतं."

अरुणाने तो तुकडा तिच्या तोंडात घातला. मिताली सावकाश चावत राहिली. गिळलं. थोड्या वेळाने, पाठीवरचं कुंकू जरासं वर सरकलं आणि पुन्हा खाली आलं.

अरुणाने डोळे पुसले आणि दुसरी करंजी मोडली.